छप्पर पडत नाही, उडतं

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दापोली तालुक्यातल्या आमच्या एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)



मला सांगितलंय, "तुमच्या अंगणातल्या शेडबद्दल दहा मिनिटं बोला." दहा मिनिटांत शेड उडून जाते, एवढं मला चांगलं माहीत आहे. ती पुन्हा कशी बांधली ते सांगायला जरा जास्त वेळ लागेल, तेव्हा सांभाळून घ्या.

आधी अंगणाचं बोलते. आमच्याकडे खळं म्हणतात. माझं खळं २० बाय ३० फुटांचं. घरातल्या पुरुषांना विचारलंत तर ती चपला काढायची आणि गाडी लावायची जागा आहे. पण तुम्हीच मोजा. भात वाळवायचं तिथे, कुळीथ झोडायचे तिथे, रातांबे फोडून आमसुलं करायची तिथे, आंबापोळी, फणसपोळी, कुरडया, पापड, लाकडं रचणं, गटाची बैठक, सगळं तिथे. चैत्र-वैशाखात मी दिवसाचे सात-आठ तास खळ्यात असते. म्हणजे तो माझा कारखाना आहे आणि कारखान्याला डोक्यावर काही नव्हतं. पदर डोक्यावर घेऊन रातांबे फोडायचे, मधेच घेरी आली की ओटीवर जाऊन पाणी प्यायचं. जूनमध्ये पहिली सर आली की अर्धा माल भिजायचा. हे सांगायची गरज नाही, तुमच्या सगळ्यांच्या घरी तेच आहे.

म्हणून २०१९च्या दिवाळीनंतर मी गटातून ३०,००० रुपये कर्ज काढलं, वर माझे ४,००० घातले आणि एका वेल्डिंगवाल्याला शेडचं काम दिलं. १० बाय २० फूट. सहा खांब, सात पत्रे. दोन दिवसांत शेड उभी. निळे चकचकीत पत्रे, बघायला वाडी लोटली. मी काय बघितलं? रंग बघितला. खांब किती खोल पुरलाय ते विचारलं नाही. मला वाटलं, मी बाई माणूस, मला त्यातलं काय कळतंय. ही माझी चूक आणि ती मी इथे उभी राहून कबूल करते.

३ जून २०२०. निसर्ग वादळ. दापोली, मंडणगड, पलीकडे श्रीवर्धन, इथल्या कोणाला ती तारीख सांगावी लागत नाही. दुपारी आम्ही सगळे मधल्या खोलीत बसलो होतो, सासूबाई देवाचं नाव घेत होत्या. बाहेर असा आवाज झाला की कोणी मोठा पत्र्याचा डबा चेचतंय. मी खिडकीच्या फटीतून बघितलं तर शेड जागेवर नव्हती. पत्रे एकेक करून गेले असते तर एक वेळ समजलं असतं. इथे चार पत्रे पाईपांसकट उचलले गेले. पुढचे दोन खांब मुळा उपटावा तसे खालच्या सिमेंटच्या गोळ्यासकट वर आले. ते सगळं बांध ओलांडून माझ्या चुलत जाऊबाईंच्या गोठ्यावर जाऊन पडलं. गोठ्याची कौलं फुटली आणि त्यांच्या पाडीच्या कुशीला हातभर जखम झाली. पाडी वाचली. पण त्या वेळी गोठ्यात माणूस असतं तर? संध्याकाळी त्यांचा लहान मुलगा तिथेच धार काढायला बसतो.

जाऊबाई माझ्याशी पाच महिने बोलल्या नाहीत. बरोबरच होतं त्यांचं. आणि माझ्या डोक्यावर काय होतं? छप्पर नव्हतं, पण छपराचं कर्ज होतं. दीड हजार मुद्दल, वर व्याज, असे वीस हप्ते ठरले होते. सात फेडले होते, तेरा राहिले होते. त्यातले दोन थकले. बैठकीत थकबाकीदार म्हणून माझं नाव वाचलं गेलं तेव्हा मी खाली बघत होते. वेल्डिंगवाला म्हणाला, "वहिनी, वादळापुढे कोणाचं चालतं?" मलाही तेच खरं वाटलं. सगळ्यांचंच गेलं, आपलंही गेलं.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. खालच्या वाडीत एक निवृत्त ओव्हरसियर राहतात, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांची गाडीची शेड तशीच उभी होती. तेच वादळ, तोच वारा. मी गेले आणि विचारलं, "अण्णा, तुमची का नाही उडाली?"

अण्णांनी मला उलट विचारलं, "तुझ्या शेडला खांब कशासाठी लावले होते?"

मी म्हटलं, "पत्रे वर धरायला."

ते म्हणाले, "तिथेच चुकलं. पत्रे वर धरायला बांबूसुद्धा चालतो. खांब पत्र्यांना खाली धरायला असतात."

मग त्यांनी कागदावर हिशेब करून दाखवला. तो कागद मी जपून ठेवलाय. माझ्या सगळ्या पत्र्यांचं मिळून वजन शंभर किलोच्या आतबाहेर. ताशी १२० किलोमीटरचा वारा उघड्या शेडखाली शिरला की एका चौरस मीटरला साधारण ६८ किलोचा जोर लागतो. माझं छप्पर १८ चौरस मीटरच्या वर. म्हणजे बाराशे किलोहून जास्त जोराने वारा ते वर ढकलतो. शंभर किलोचं छप्पर आणि बाराशे किलोचा वारा! सहा खांबांत वाटलं तर प्रत्येक खांबाला दोनशे किलो. घराकडची बाजू बंद असेल तर वारा आत कोंडतो आणि जोर याहूनही वाढतो. आणखी एक त्यांनी सांगितलं, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यामुळे रोजच्या वाऱ्यात शेड टिकली म्हणजे वादळात टिकेल असं धरू नये.

घरी येऊन उपटलेला खांब मोजला. नऊ इंच खोल पुरलेला. खाली सिमेंटचा जो गोळा होता त्यात दगडच जास्त. मी आणि माझी मुलगी दोघींनी तो सहज उचलला. चाळीस-पन्नास किलो असेल. पाईप १८ गेजचा. गेजचा आकडा वाढला की पाईप पातळ होतो, हे मला तेव्हा कळलं. मी तर १८ म्हणजे १४पेक्षा भारी समजत होते. पत्र्यांना हुक होते तेही हातभर अंतरावर एकेक, आणि रबराचे वायसर निम्म्या ठिकाणी नव्हतेच.

हे सगळं सासूबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमचा मांडव कधी उडाला नाही." खरंच आहे. भात झोडून झालं की दरवर्षी खळं चोपून सारवायचं आणि वर मांडव घालायचा. पोफळीचे खांब, वर बांबू, त्यावर माडाची विणलेली झापं, सुंभाने बांधलेली. तो का उडत नव्हता? एक तर झापांतून वारा गाळला जातो, अडत नाही. आणि दुसरं, तो रोहिणी नक्षत्र लागायच्या आत उतरवायचे. पावसाळ्यात मांडव नसायचाच. आपण पत्रा आणला, तो बारा महिने ठेवायचं ठरवलं, पण खांब मात्र मांडवाच्याच हिशेबाने पुरले.

म्हणून ज्यांना आत्ता कर्ज नको आहे त्यांना माझं सांगणं, मांडवच घाला. झापं विणणारी बाई वाडीत अजून आहे, तिलाही काम मिळेल. झापं नसतील तर शेतीच्या दुकानात हिरवी शेडनेट मिळते, ती घ्या. सावली मिळते, वारा जातो, गुंडाळून माळ्यावर ठेवता येते. फक्त मे महिना संपायच्या आत उतरवायचीच. आळस केला तर जूनमध्ये तिच्या चिंध्या होतात आणि विहिरीत पडतात. आणि झापांच्या मांडवाखाली चूल पेटवू नका.

ज्यांना पक्की शेड हवी आहे त्यांच्यासाठी पुढचं सांगते.

दुसऱ्यांदा कर्ज मागितलं तेव्हा गटाने नाही म्हटलं. मला राग आला, पण आता वाटतं की बरोबर केलं. अध्यक्षताई म्हणाल्या, "आधी थकलेले हप्ते भर आणि या वेळी काम कसं करणार ते कागदावर आण." मी अण्णांचा कागद नेला. खर्च लिहून नेला. जुने चार खांब सरळ होते, पण पातळ. ते परसातल्या वेलाच्या मांडवाला वापरले. सात पत्र्यांतले तीन चांगले होते. मजुरी वाचवायची म्हणून खड्डे, सिमेंट, पत्रे, फरशी सगळं आपण बायकांनीच करायचं ठरवलं. फक्त पाईप मापाने कापून आणि भोकं पाडून वर्कशॉपमधून आणले. वेल्डिंग आपल्याला येत नाही आणि नटबोल्ट आपल्याला कळतात. असं करून दुसरी शेड १९,००० रुपयांत झाली. गटाने त्यातले १२,००० दिले.

सगळं खळं झाकू नका. हे मी मुद्दाम सांगते, कारण आता फॅशन झालीय ओटीपासून गडग्यापर्यंत पत्रा मारायची. मग आमसुलं कुठे वाळवणार, रस्त्यावर? तुळस कुठे जाणार? चैत्रात एक दिवस काठी रोवा आणि सकाळी दहाला, दुपारी एकला, चारला सावली कुठे पडते तिथे चुन्याची खूण करा. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा छपराची सावली छपराखालीच पडते. पण चारनंतर पश्चिमेचं ऊन तिरकं आत येतं, त्याला वरचं छप्पर काही करू शकत नाही. त्या बाजूला नेटचा पडदा सोडायचा, वर गुंडाळता येईल असा. मी १० बाय २० झाकलं, बाकी उघडं ठेवलं. तेवढं पुरतं.

आता खड्डे. सगळी शेड खड्ड्यात आहे असं समजा. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट खोल, असे सहा. तळाशी थोडा पोटात घेऊन खणायचा, म्हणजे वरच्यापेक्षा खाली रुंद. एवढ्या खड्ड्यात काँक्रीट भरलं की त्याचं वजन तीनशे किलो होतं. आठवतं ना, वारा एका खांबाला दोनशे किलोने ओढतो? मग शंभर किलो आपल्या बाजूला उरले, वर आजूबाजूच्या मातीची पकड आहे ती वेगळी. खांबाच्या तळाशी आरपार भोक पाडून त्यात हातभर सळई घालायची, नाहीतर काँक्रीट खाली राहतं आणि पाईप तेवढा वर निघून येतो. खणताना कातळ लागला तर फुशारकी मारून तिथेच थांबू नका, गवंड्याला बोलवा आणि कातळात भोक पाडून सळई बसवून घ्या.

काँक्रीटला एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी. सहा खड्ड्यांना पाच गोणी सिमेंट लागलं. पाणी मोजून. आपला हात पाण्याला सैल, कालवायला सोपं जातं म्हणून ओतत राहतो, आणि तिथेच काँक्रीट कच्चं होतं. एका गोणीला २५ ते ३० लिटरच्या वर नको. नंतर सात दिवस गोणपाट ओलं करून ठेवायचं. माझ्या मुलीने वहीत तारखा लिहून पाणी मारलं. सात दिवसांच्या आत वरचं काम सुरू करायचं नाही, पाहुणे येणार असले तरी.

खड्डे खणायच्या दिवशी पहार घेऊन सगळ्यात आधी कोण आलं असेल? चुलत जाऊबाई. मी बघतच राहिले. त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही आले. माझा गोठा आहे पलीकडे. खड्डा किती खोल जातोय ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय." आणि खरंच, काठी घेऊन प्रत्येक खड्डा त्यांनी मोजला. एक दीड फुटांवर थांबला होता, तो पुन्हा खणायला लावला. तुमच्या शेडला असा एक तपासनीस ठेवा, ज्याचं तुमच्या शेडमुळे नुकसान होऊ शकतं असा. सरकारी तपासणीपेक्षा चांगली होते.

खांब सरळ उभे करायला ओळंबा घ्या, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. कोपरा काटकोनात आहे का ते बघायला गुण्या नसला तरी चालतं. एका दोरीवर कोपऱ्यापासून सहा फुटांवर खूण, दुसऱ्या दोरीवर आठ फुटांवर खूण. दोन्ही खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर दहा फूट आलं तर कोपरा नीट. नाहीतर दोरी सरकवा. आम्ही नववारीचा काठ धरून नव्हे, टेपने मोजलं, तरी दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. उंची जुळवायला पारदर्शक नळी पाणी भरून धरली. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं, गवंडी तेच करतात. घराकडचे खांब नऊ फूट, पुढचे साडेसात फूट ठेवले. दहा फुटांत दीड फूट उतार. कोकणातल्या पावसाला यापेक्षा कमी उतार नको.

खांब, आडवे पाईप सगळे दोन इंची चौकोनी, १४ गेजचे. प्रत्येक कोपऱ्यात तिरका टेकू. टेकू नसला तर शेड उडत नाही पण डुलते, आणि डुलून डुलून नटबोल्ट सैल होतात. पत्र्याखालचे आडवे पाईप चार ओळींत, तीन तीन फुटांवर.

एक चूक बहुतेक जण करतात. शेडची वरची बाजू घराच्या वाशांना ठोकतात, दोन-तीन खांब वाचवायला. करू नका. शेड गेली तर घराची कौलं ओढून नेते. आपली शेड स्वतःच्या पायावर उभी पाहिजे, घराच्या वळचणीखाली, पण घराला न धरता.

पत्रे चढवायचा दिवस आला तेव्हा नाक्यावरची माणसं मुद्दाम बघायला आली. "बाया आता पत्रे चढवणार!" चढवले. शिडी दोघींनी धरायची, हातात मोजे, वारा असेल त्या दिवशी काम बंद, कारण उभा धरलेला पत्रा माणसाला घेऊन जातो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, म्हणून पत्रे पूर्वेकडून लावत यायचं. मग पश्चिमेचा पत्रा वर येतो आणि जोडाच्या फटीत वारा शिरत नाही. एकावर एक दीड लाट चढवायची. स्क्रू लाटेच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात मारला तर तिथूनच गळतं. कडेच्या ओळींना प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मधल्या ओळींना एक सोडून एक. छप्पर उडायला लागतं ते कडेपासून, म्हणून कंजुषी करायची तर कडेला करू नका. रबर दबेपर्यंत आवळायचा, फाटेपर्यंत नाही. ड्रिल मशीन गटातल्या एकीच्या मुलाचं होतं. सुरुवातीला तोच मारत होता, जेवणानंतर आम्ही.

पत्र्यांच्या आधी वायरमनला बोलवून खांबावरून घरात येणारी वायर बाजूला करून घ्या. हे मी शेवटी सांगणार होते, पण आठवलं तेव्हाच सांगते. शेड लोखंडाची, पावसाळा, आणि आपण बल्ब लावतो जोड दिलेल्या वायरीने, वर खिळ्याला गुंडाळून. ओले कपडे वाळत घालायची तारही त्याच खांबाला. अशाने माणसं गेली आहेत. एकसंध वायर, प्लास्टिकच्या पाईपातून, आणि कपड्यांना तार न बांधता नायलॉनची दोरी बांधा.

आता पाणी. पागोळीवरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालली आहेत. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. जुलैत दिवसाला शंभर मिलिमीटर पडणं काही नवल नाही. म्हणजे माझ्या शेडवरून एका दिवसात अठराशे लिटर, आणि घराच्या पुढच्या उताराचं पाणी शेडवर पडतं ते वेगळं. एवढं पाणी एका रेषेत शेजाऱ्याच्या बांधावर सोडलं तर तो गप्प बसेल का? पुढच्या कडेला पन्हाळ लावली, तिला एका टोकाकडे उतार दिला, आणि पाणी आमच्याच माडांच्या आळ्यांकडून व्हाळाला काढलं. पन्हाळीच्या तोंडाशी एक पिंप आहे, त्यातलं पाणी गोठा धुवायला, भांड्यांना. झाकण आणि जाळी पाहिजे, नाहीतर डास.

जमिनीचं थोडक्यात सांगते. शेडखाली मी कोबा केला. आधी दगडगोट्यांची भर, ती चोपून, मग काँक्रीट. जोत्यापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांत दोन इंच उतार. वरून गुळगुळीत करू नका, ओला असतानाच खराट्याने बारीक रेघा ओढा. आपल्याकडे आषाढात शेवाळ धरतं आणि गुळगुळीत फरशीवर म्हातारं माणूस पडलं की उठत नाही. चकचकीत टाईल तर अंगणात नकोच, कोणी फुकट दिली तरी. खांबाच्या बुंध्याशी काँक्रीट तीन इंच वर घेऊन त्याला चहूबाजूंनी उतार दिला, म्हणजे पाणी थांबत नाही. लोखंड तिथेच सडतं. तिथे रेड ऑक्साईडचे दोन हात, वर ऑईलपेंट, आणि दर दिवाळीला बघायचं. बाकीचं खळं मी सारवलेलंच ठेवलंय. पायाला बरं वाटतं आणि वाळवणाला फारसं तापतही नाही.

पत्रा तापतो, ही तक्रार सगळ्यांची. या वेळी निळा न घेता पांढरा घेतला, आणि जुन्या तीन निळ्या पत्र्यांना वरून पांढरा रंग दिला. घराच्या बाजूला पत्रा आणि वळचण यांच्यात हातभर फट आहे, तिथून गरम हवा निघून जाते. मार्च ते मे पत्र्याखाली झापं बांधते. तेव्हा सासूबाईंचा मांडव असा परत आला.

काम सुरू करायच्या आधी ग्रामपंचायतीत विचारा. घरपट्टीला शेड धरतात की नाही, परवानगी काय लागते ते तिथेच कळेल. आणि गेल्याच आहात तर घराचा नमुना आठचा उतारा काढून बघा त्यावर तुमचं नाव आहे का. माझं नव्हतं. हप्ते मी भरत होते, खड्डे मी खणत होते, घर एकट्या ह्यांच्या नावावर. ह्यांना सांगितलं, ते म्हणाले, "त्यात काय, लावून घे." दोघांचं नाव लागलं. सगळ्यांकडे इतकं सहज होत नाही हे मला माहीत आहे. पण उतारा बघितल्याशिवाय कळणार कसं?

शेड २०२१च्या मार्चमध्ये पुरी झाली. मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. १६ तारखेच्या रात्री मी झोपले नाही. पत्र्यांचा आवाज आला की उठून बॅटरी मारायची. निसर्गइतका जोर आमच्याकडे नव्हता, हेही सांगायला हवं. सकाळी बघितलं तर पन्हाळीचा एक क्लॅम्प निघाला होता. बाकी जागच्या जागी. सात वाजता जाऊबाई बांधावर येऊन उभ्या. त्यांनी एकेका खांबाला हात लावून हलवून बघितलं आणि म्हणाल्या, "चहा ठेव."

थकलेले हप्ते भरले, दोन्ही कर्जं फिटली. शेडमध्ये आता गटाचं आमसुलांचं काम चालतं, सात जणी बसतो. अण्णांच्या कागदाची झेरॉक्स आमच्या ग्रामसंघाच्या कपाटात ठेवली आहे, कोणीही बघा. तुमची शेड माझ्यापेक्षा मोठी असली तर खड्डेही मोठे लागतील, तेव्हा तो आकडा तसाच उचलू नका, अण्णांना किंवा कोणा जाणत्याला विचारून घ्या.

आता शिमगा तोंडावर आलाय. चाकरमानी आले की घरात मोकळी माणसं आणि हौस दोन्ही असतात, पण काँक्रीट सुकायला दिवस लागतात, म्हणून खड्डे शिमग्याआधी आणि पत्रे नंतर, असं धरा. वरच्या वाडीतल्या वहिनींकडे येत्या रविवारी सकाळी सातला खड्डे खणायचे आहेत. चार खड्डे आहेत आणि पहारी दोनच. ज्यांच्याकडे पहार असेल त्यांनी घेऊन या. मापाची काठी जाऊबाई आणणार आहेत.